निळं राहिलेलं दूध

४ मार्च
आलो एकदाचे! सामान लागलं. सासूबाईंना खिडकीजवळची खोली आवडली, माझ्या लेकीनं, चिमणीनं, आल्या आल्या गॅलरीवर हक्क सांगितला. ह्यांची बदली होईपर्यंत आम्ही तिघीच. शेजारच्या गॅलरीत एक आजोबा खुर्ची टाकून बसतात. लेकीनं हात हलवला, त्यांनीही हलवला. डेअरीची प्रयोगशाळा लख्ख आहे. दूध म्हणजे जंतूंचं माहेर. तिथे त्यांचे फार लाड होऊ नयेत म्हणून मला पगार. वर रोज दुधाची पिशवी फुकट. आणखी काय हवं?

९ मार्च
कामावर हात बसला. कच्च्या दुधात निळा रंग घालायचा, नळी कोमट पाण्यात ठेवायची. जंतू जितके जास्त तितका रंग लवकर उडतो. इथल्या दुधाचा उडतच नाही. काल दुपारी ठेवलेली नळी आज सकाळीही निळीशार. कुणीतरी काहीतरी मिसळलं असणार, म्हणून फॉर्मलिन पाहिलं, पेरॉक्साइड पाहिलं, गुरांना देतात त्या औषधांचे अंशही पाहिले. काही नाही. साहेबांना सांगितलं तर हसले. म्हणाले, बाई, लोक घाण दुधाची तक्रार घेऊन येतात, तुम्ही स्वच्छ दुधाची आणलीत.

१५ मार्च
दही लागत नाही म्हणून सासूबाईंची कुरकुर चालली होती. त्यांचं विरजण प्रयोगशाळेत नेऊन जंतू वाढवायच्या काचेच्या बशीवर पसरलं, तर बशीभर जंतूंचे ठिपके आले. तेच या दुधात मिसळून पसरलं. बशी कोरी.
इथे कुणी खोकत नाही, कुणाला ताप नाही. कोपऱ्यावरचा डॉक्टर दिवसभर पेपर वाचतो. हेवा वाटावा असं गाव. पण जो तो दमलेला. मीही. आज जिना चढताना मधेच बसले.

२१ मार्च
शेजारचे आजोबा गेले. म्हणजे आज कळलं. मुलगा बाहेरगावाहून आला, तेव्हा ते खुर्चीतच होते. डॉक्टर म्हणाला, जाऊन बरेच दिवस झालेले दिसतात. वास नाही. एक माशी नाही.
चिमणी काल त्यांना हात हलवत होती. आजोबा रुसलेत, म्हणाली.

२४ मार्च
केराची बादली आठवडाभर तशीच. वास येत नाही. नाक खुपसून पाहिलं.
माणसाचा हात बशीवर टेकवला की दोन दिवसांत बशी फुलते. कितीही धुवा. आपल्या अंगावर जंतूंची वस्ती असतेच, त्यांच्या जिवावर तर आपण —
माझा पंजा टेकवला. सासूबाईंचा. चिमणीचा. तिला गुदगुल्या झाल्या.

२६ मार्च
तिन्ही कोऱ्या.
साहेबांकडे गेले. दुधाचे टँकर थांबवा म्हटलं. ते डोळे मिटूनच बोलले, "नासलेलं दूध थांबवता येतं, बाई. हे नासत नाही. कोणतं कारण लिहू?" मग म्हणाले, बसा, दमलात. खरंच बसले. किती वेळ, कोण जाणे.
घरी येऊन पिशवी मोरीत ओतायला घेतली. रिकामीच होती. सासूबाई म्हणाल्या, पोरीनं आवडीनं प्यायलं, हल्ली दुसरं काही मागतच नाही —

२८ मार्च
पेन जड झालंय. सामान बांधायचं होतं. बॅग उघडून तिच्या शेजारीच बसून राहिले.
चिमणी दुपारपासून झोपलीय. सासूबाई म्हणतात, झोपू दे, दमली असेल. अंग गार नाही. गरमही नाही. हाक मारली. परत मारली.
एप्रनच्या खिशात काचपट्टी सापडली. श्वासाची वाफ धरते का पाहायला तिच्या नाकाखाली धरली. दोन्ही हातांनी. मग खिडकीशी नेली, उजेडात. काचेवर —