डाव्या कॉलरची डबी

॥ श्री गुरु बसवलिंगाय नमः ॥

मी, श्रीमती नीलम्मा प्रभुलिंग घुगरे, वय वर्षे ६६, धंदा कारखान्यांतली हवा, पाणी आणि धूळ तपासण्याची प्रयोगशाळा, राहणार शिवाजी पेठ, कोल्हापूर, आज दवाखान्यात खाटेवर बसून माझ्या स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. उद्या सकाळी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. काळजीचं काही नाही असं डॉक्टर म्हणतात, आणि लगेच पुढच्या कागदावर सही मागतात. माझी बुद्धी शाबूत आहे. वकिलांच्या मसुद्यात 'कोणाच्याही दडपणाशिवाय' असे शब्द होते. ते मी खोडले आहेत. दडपण आहे, आणि कोणाचं ते खाली नावानिशी लिहिलं आहे. त्याला न जुमानता मी हे लिहिते, एवढं साक्षीदारांनी ध्यानात घ्यावं.

कलम १. सगळ्यात आधी फ्रीज.

रीतीने आधी घर येतं, मग सोनं. माझ्याकडे आधी फ्रीज येईल. प्रयोगशाळेच्या आतल्या खोलीत पांढरा फ्रीज आहे. त्याच्या वरच्या कप्प्यात लाखेने बंद केलेली एक छोटी गोल डबी आहे आणि तिच्यात फिल्टरचा कागद आहे. माझा मुलगा श्रीशैल ज्या कारखान्यात सुपरवायझर आहे, तिथे मोटारीच्या सुट्या भागांवर क्रोम चढवतात. त्या टाकीवर उभं राहून त्याने दिवसभर जी हवा ओढली, तीच या कागदातून गेली आहे. कमरेला पंप, पंपाची नळी वर, आणि नळीच्या टोकाला डबी, अशी ती त्याच्या डाव्या कॉलरला होती. उजव्या कॉलरला तिची जोडीदारीण होती. जिथे वाद होईल असं वाटतं तिथे मी नमुने जोडीने घेते. उजवी तपासली, डावी राखून ठेवली.

उजवीत क्रोम निघालं, मर्यादेच्या कितीतरी पट. कारखान्याचा मालक म्हणतो रिपोर्ट बनावट आहे. म्हणून सरकारी कार्यालयाने ठरवलं की डावी डबी पुण्यात दुसरीकडे तपासायची. त्यांचा माणूस सोमवारी ती न्यायला येईल. तोवर ती गार राहिली पाहिजे, कारण ऊब लागली की कागदावरचं क्रोम रूप बदलतं आणि तपासणीत कमी दिसतं. उद्या मी मेले आणि कोणी वारस म्हणून प्रयोगशाळेला कुलूप ठोकून वीज बंद केली, की डबी गेली. मग मी खोटी ठरणार, आणि त्या टाक्यांवरची माणसं तीच वाफ ओढत राहणार. त्यांत माझं पोरगंही आहे.

म्हणून माझ्या शेवटच्या श्वासापासून त्या खोलीचा, फ्रीजचा आणि डबीचा ताबा माझी सहकारी कु. अदिती बावडेकर हिच्याकडे राहील. डबी हवाली करताना सही तिचीच चालेल. मला माती नंतर द्या, आधी फ्रीज बघा.

गेल्या आठवड्यात मी तपासण्यांसाठी इथे दाखल असताना प्रयोगशाळेचा मेन स्विच बंद सापडला. "पडला आसंल, अव्वा," श्रीशैल म्हणाला. तो स्विच मी उभं राहून बसवून घेतला आहे. जोर लावून ओढल्याशिवाय तो खाली येत नाही. अदिती वेळेवर पोचली, आतला बर्फ अजून टणक होता, म्हणून निभावलं. किल्ल्या दोघांकडेच होत्या, अदितीकडे आणि श्रीशैलकडे. यापुढचं आईच्या हाताने लिहवत नाही.

कलम २. प्रयोगशाळा.

ही प्रयोगशाळा मी आणि माझे पती कै. प्रभुलिंग यांनी कागलचं रान विकून उभी केली. ते पेठ वडगावला शाळेत विज्ञान शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी माझ्या बाटल्या धुवायचे. तेव्हा त्यांचे चुलत भाऊ बाळासो भर पंगतीत म्हणाले होते, "वहिनी धूर मोजणार म्हणं! मोजून काय चूल पेटायची हाय व्हय?" सगळे हसले. पंगतीत वाढत मीच होते. पुढची बासुंदी त्यांच्या वाटीत पडली नाही.

प्रयोगशाळा, तिच्यातली यंत्रं, वजनकाट्यापासून पंपांपर्यंत सगळं, आणि गल्लीकडचा फलक, हे मी अदितीला देते. पोरगी तोंडाने फटकळ आहे. नमुना काढायला गेलं की मालक म्हणतो, "या पावणं, आधी च्या घ्या." ही म्हणते, "च्या नको, टाकी दाखवा." बरोबर करते. आपण ऑफिसात चहा फुंकत बसतो तेवढ्यात तिकडे खिडक्या उघडतात, टाकीची आच कमी होते आणि माणसं बाहेर पाठवली जातात. म्हणून अदितीला अट एकच. नमुन्याच्या दिवशी कारखान्यात पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. खायचं तर कोणाच्या लग्नात भरपेट जेव.

शेजारच्या तालमीतल्या फुटबॉलवाल्यांनी फोडलेली मागच्या खिडकीची काच त्यांनी भरून द्यावी. पृथ्वीराज साळोखे हे त्याच तालमीतले, आणि या मृत्युपत्राचे साक्षीदारही. त्यांच्यासमोरच लिहिते, म्हणजे विसरले असं म्हणता येणार नाही.

कलम ३. श्री. बाळासो घुगरे, माझे चुलत दीर.

यांना काही नाही. का नाही ते मात्र लिहून ठेवते. क्रोमचा तो कारखाना यांचाच. तपासणीचं काम त्यांनी मला दिलं ते घरचं माणूस म्हणून. वहिनी सांभाळून घेतील, असा हिशेब. पहिल्या खेपेला आम्ही पंप टाकीवरच्या पिराजीला लावला. फिल्टर निघाला धुतल्या तांदळासारखा. क्रोमच्या कारखान्यात असा फिल्टर? मी पिराजीला विचारलं. तो म्हणाला, "अक्का, मी कुठं टाकीवर हुतो? मालकांनी दिवसभर गेटवर हुबा केलता. पावणं येनार हायत म्हणं." पावणे कोण आले? कोणी नाही.

मी पुन्हा मोजायचं म्हटल्यावर श्रीशैलच पुढे झाला. "माझ्या गळ्यात घाल अव्वा. सुपरवायझरला गेटवर कोण हुबा करतंय? मग तर खरं मानशील?" दोन कॉलरला दोन डब्या लावून हसत होता, बैलाला घुंगरं बांधल्यागत दिसतोय म्हणाला. संध्याकाळी मी स्वतः त्या काढल्या.

आकडा आल्यावर तोच श्रीशैल घरी येऊन उभ्याउभ्या म्हणाला, "रिपोर्ट बदल. काका मला कारखान्यात भागीदार करनार हायत."

"हवा तुझ्या नाकातली हाय, आणि आकडा मी बदलू?"

"तुला काकांचा राग काढायचाय, बास."

आता बाळासो गावभर सांगतात की डबी कोणाच्या कॉलरला नव्हतीच, मीच ती टाकीवर धरून बसले होते. हे खोटं आहे, हे एकच माणूस सांगू शकतो. तो गप्प आहे. इथे मला भेटायला येतो, संत्री सोलून देतो, आणि निघून जातो. भाऊबंदकीत मी पुष्कळ ऐकून घेतलं, पण असा जीव कोणी जाळला नव्हता.

बाळासोंनी माझ्या मातीला यावं, चार माणसांत उभं राहावं. खांदा देऊ नये.

कलम ४. किरकोळ.

माझी स्कूटर पिराजीला. खरं बोलल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याचं काम सुटलं. त्याला दुसरीकडे कामाला जायला उपयोगी पडेल. ब्रेक जरा करकरतो, दुरुस्त करून घ्यावा. माझं सोनं सून सौंदर्या हिला. बँकेत जे असेल त्यातून दवाखान्याचं भागवून राहिलेलं प्रयोगशाळेच्या भाड्याला लावावं. मला आमच्या रीतीप्रमाणे बसवून माती द्यावी, विभूती आणि बेल एवढंच. चांगलं लुगडं माझ्यासोबत घालू नये, ते सौंदर्याला शोभतं.

कलम ५. घर, आणि नाक.

शिवाजी पेठेतलं राहतं घर माझा एकुलता मुलगा श्रीशैल याला देते. रागावले आहे म्हणून बेघर करणार नाही. पण हे कलम त्याने पुढे वाचावं.

बाळा, महिन्याभरापूर्वी सौंदर्या मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "अत्ती, झोपल्यावर ह्यांच्या नाकातनं शिट्टी वाजतीया." त्याआधी तुझा घोळणा फुटून नाकातून रक्त यायचं. तू म्हणायचास उष्णता झालीय. डोक्यावर पाणी मारायचास, कांदा हुंगायचास, गुलकंद खायचास. तुमच्या टाकीवर सगळे हेच करतात. नाकात शिट्टी वाजायला लागली की कारागीर पक्का झाला, असं म्हणून जुने लोक नव्याच्या पाठीवर थाप मारतात. थापा कसल्या मारता रे! क्रोमची वाफ नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पाडते. ते दुखत नाही, म्हणून कळत नाही. त्याच वाटेने वाफ खाली छातीत जाते.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. रिपोर्टवर ठेवू नकोस. हे वाचून झाल्यावर आरशासमोर उभा राहा, मोबाइलची बॅटरी लाव आणि एका नाकपुडीला धर. उजेड दुसऱ्या नाकपुडीतून दिसला नाही, तर तुझी अव्वा खोटारडी म्हणून खुशाल सांग. मग ती डबी तुझी, उन्हात ठेव नाहीतर रंकाळ्यात फेक, अदिती अडवणार नाही. पण उजेड दिसला तर काय करायचं ते मी सांगणार नाही. मी फार भ्यालेय, श्रीशैल. उद्याच्या शस्त्रक्रियेला नाही.

कलम ६.

या मृत्युपत्राची एक प्रत सौंदर्या आज संध्याकाळी घरी नेईल. ज्याला यातून काही मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही न केलेली बरी, असं वकिलांनी बजावलं आहे. म्हणून खाली अदितीची सही नाही आणि घरच्या कोणाचीही नाही.

ठिकाण: कोल्हापूर. दिनांक: ९ डिसेंबर २०२५.

(सही) नीलम्मा प्रभुलिंग घुगरे

साक्षीदार:
१. (सही) डॉ. वर्षाराणी इंगवले. लिहून देणार पूर्ण शुद्धीवर आहेत. जरा जास्तच.
२. (सही) पृथ्वीराज साळोखे, शिवाजी पेठ. काच भरून देतो.

पुरवणी

मी, वर लिहिलेली नीलम्मा, शस्त्रक्रियेला नेण्याआधी ही पुरवणी लिहिते. अंगावर दवाखान्याचा हिरवा झगा आहे आणि नर्स बाई दारात घाई करत आहेत. त्यांना थांबायला सांगितलं आहे.

सकाळी श्रीशैल आला. दाढी नाही, डोळे लाल. मागे सौंदर्या उभी होती, पदर तोंडाला लावून. त्याने संत्री आणली नव्हती. खाटेच्या कडेला बसला आणि म्हणाला, "अव्वा, घर खोड."

"का रे?"

"खोड म्हणतोय न्हवं. सौंदर्याच्या नावावर कर, न्हायतर कुणाच्याबी कर. ज्याला मिळतंय त्यानं सही करायची न्हाय, असं लिवलंयस की. मला सही करायचीया."

उजेड दिसला का, हे मला विचारायचं धाडस होईना. त्यानेच मोबाइल काढला, बॅटरी लावली आणि माझ्यासमोर नाकाला धरली. आयुष्यभर मी आकडे बघितले. हे नव्हतं बघितलं. मी हात पुढे करून ती बॅटरी विझवली.

"स्विच मीच ओढलता," तो म्हणाला.

"ठाऊक हाय."

"आता अदितीसंगं जाऊन फ्रीजजवळ बसतो. सोमवारपातूर हलत न्हाय."

"आधी नाकाच्या डॉक्टरकडं जायचं. फ्रीजला अदिती हाय."

"जातो."

तरी त्याच्या किल्ल्या मी मागून घेतल्या आणि अदितीकडे पाठवल्या. त्याने मुकाट दिल्या.

म्हणून कलम ५ मधलं घर श्रीशैल याच्या नावचं खोडून सौ. सौंदर्या श्रीशैल घुगरे हिच्या नावे करते. श्रीशैलला या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. बाकी सर्व कलमं कायम. डॉ. वर्षाराणी आणि पृथ्वीराज पुन्हा हजर आहेत.

ठिकाण: कोल्हापूर. दिनांक: १० डिसेंबर २०२५.

(सही) नीलम्मा प्रभुलिंग घुगरे

साक्षीदार:
१. (सही) डॉ. वर्षाराणी इंगवले
२. (सही) पृथ्वीराज साळोखे
३. (सही) श्रीशैल प्रभुलिंग घुगरे. दोन्ही डब्या माझ्याच कॉलरला होत्या. दिवसभर.