घड्याळ जोडीचं, गुण कोणाचा?

वलगाव, मंगळवार, दिवेलागण

आज शंकरपटात आमची बैलजोडी पहिली आली. घड्याळातली वेळ पाहून हे म्हणाले, "पाह्य, नव्या गोऱ्ह्याचा गुण! म्हातारा सर्जा उद्या विकून टाकतो."

"अहो, वेळ जोडीची आहे. गोऱ्हा एकटा कुठं धावला?"

"तुले काय समजते पटातलं?"

नसेल समजत. पण गोऱ्हा सारखा आडवा येत होता अन् सर्जा खांद्यानं रेटून त्याले सरळ ठेवत होता, मी डोळ्यानं पाहिलं. आकड्यात ते कसं दिसावं? सकाळी व्यापारी येईल. देवापुढं बसले तरी तोच खांदा डोळ्यापुढं...

आत्ता हे गोठ्यातून आले. "हळद दे. सर्जाचा गोऱ्ह्याकडचा खांदा पार सोलला."

मी हळद दिली, फोनही दिला. हे व्यापाऱ्याले नाही म्हणेपर्यंत मी समोरून हलले नाही.