चाळीस ओहम

सोमवार, ३ फेब्रुवारी

बारामतीत एकदाचा पोचलो. एमआयडीसीच्या मागे खोली मिळाली, खाली खानावळ आहे आणि तिथलं पिठलं झकास. निघताना आईने कमरेला नवा काळा करगोटा बांधला. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, खांद्याला कंपनीचा लॅपटॉप आणि कमरेला करगोटा, असा मी निघालो. पहिलंच मशीन एकट्याने बघायचंय. इंदापूर तालुक्यात वरकुट्याजवळ मुरमाची खाण आहे, तिथलं पोकलेन चालता चालता बंद पडतं. माझ्याआधी दोघेजण हात टेकून परत गेले. हे चालू केलंस तर नोकरी पक्की, असं साहेब म्हणाले. चालू करणारच, मी साताऱ्याचा आहे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

खाणीच्या एका अंगाला खडकाची उभी भिंत, दुसऱ्या अंगाला उसाचा फड. मालक बाजीरावतात्या. ऑपरेटर महिपती, अंथुर्ण्याचा. तो मला ऋषिराजसाहेब म्हणतो, मी त्याला दादा. अर्धी भाकरी त्याने न विचारता माझ्या हातावर ठेवली. केबिनच्या काचेला त्याच्या मुलीचा, संस्कृतीचा, शाळेतला फोटो चिकटवलाय.

आता दोष. या मशीनच्या पोटात तीन कॉम्प्युटर आहेत, इंजिनाचा, पंपाचा आणि स्क्रीनचा. दोन पिळलेल्या वायरींवरून ते एकमेकांशी बोलतात. वायरींच्या दोन टोकांना एकशेवीस ओहमचा एकेक रोधक असतो. सगळं बंद करून मीटर लावला की साठ ओहम दिसले पाहिजेत. मला चाळीस दिसले. म्हणजे मधेच कुणीतरी तसाच तिसरा रोधक जोडलाय आणि त्यामुळे बोलणं तुटतंय. इतकं सोपं होतं, आधीच्या दोघांनी काय माश्या मारल्या कुणास ठाऊक.

सीटशेजारी एक दांडा असतो. तो वर केला की मशीन हलत नाही, उतरणाऱ्याचा जीव वाचतो. तात्यांनी त्याच्या वायरी परस्पर जोडून तो 'डायरेक्ट' केलाय, म्हणजे दांडा वर असला तरी मशीन हलतं. मी महिपतीदादाला बोललो, तर म्हणाला, सगळीकडं असंच असतं. खरं आहे ते. मीही सोडून दिलं.

खाणीच्या काठावर एक म्हातारी दिवसभर बसून असते, कुशाबाई. मशीन बंद पडलं की तिला बरं वाटतं, तोंडावर दिसतं. मला तिचा रागच आला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सापडलं! सीटमागचं झाकण काढलं तर वायरींच्या जुडग्यावर एक जुना करगोटा. सात वेढे आणि घट्ट गाठ. आत तार नाही, मणी नाही, नुसता दोरा. दोऱ्याने ओहम बदलत नसतात. कटरने कापला. मीटरवर साठ. पुन्हा गुंडाळून धरला, चाळीस. तीनदा केलं, तीनदा तेच. दमट असेल, असं रिपोर्टात लिहिलं आणि दोरा फडात भिरकावला.

मशीन दिवसभर पळालं. तात्यांनी पेढे वाटले. मग कुशाबाई खाली उतरली आणि काय काढलंस म्हणून विचारलं. मी सांगितलं. ती तिथेच मुरमात बसली.

"माझ्या भिमाचा व्हता त्यो," ती म्हणाली. "त्योच धरून बसला व्हता ह्या मशिनीला."

भिमा तिचा मुलगा, महिपतीदादाच्या आधीचा ऑपरेटर. दीड वर्षापूर्वी तो मागे उभा असताना मशीन गर्रकन फिरलं आणि मागच्या लोखंडी वजनाने त्याला खडकावर चेचलं. कुशाबाई म्हणते, चावी त्याच्या खिशात होती. मयताचा करगोटा तोडतात, तो तिने चितेवर टाकू दिला नाही. इथे आणून बांधला.

वाईट वाटलं. पण दांडा डायरेक्ट होता, त्यानेच झालं असणार. चावीचं म्हातारीला काय कळतंय.

शनिवार, ८ फेब्रुवारी

महिपतीदादा गेला.

दुपारी एक. त्याने मशीन बंद केलं, चावी माझ्या हातात दिली आणि बकेटच्या सावलीत डबा उघडला. बकेट वर गेली. खाली आली. चार वेळा. पहिल्या वेळी तो ओरडला, नंतर नाही. मग बकेटच्या दातांनी त्याला मुरमात ओढलं, रोज माती ओढतात तसं. एक हात डब्यापाशीच राहिला. त्यात भाकरीचा तुकडा.

चावी माझ्या मुठीत होती. इंजिन बंद होतं. मी जागचा हललो नाही.

नंतर लॅपटॉप जोडला. मशीनमध्ये एकही दोष दिसला नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

पंचनामा झाला. अपघात. रिपोर्टावर 'दुरुस्त' असं माझ्याच अक्षरात.

दादाचा करगोटा मागायला स्मशानात धावलो. उशीर झाला, चितेवर गेला होता. संस्कृतीने विचारलं, मशीन तुमीच नीट केलं का. मी व्हय म्हणालो.

फडात गेलो. ऊस तुटलाय, पाचट पेटवून दिलंय. गुडघ्यावर बसून अंधार पडेपर्यंत राख चाळली. नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

उद्यापासून मशीनवर माऊली बसणार. दादाचा धाकटा भाऊ. घर चालवायचंय म्हणतो. तात्यांच्या पाया पडलो, ऐकत नाहीत. वायरी कापाव्यात तर नव्या जोडतील — आणि शनिवारी वायरींची गरज कुठे होती —

माऊलीला वाचवायचं. बाकी काही नको. नोकरीही नको.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सकाळी साडेसहा. बॅटरी काढून खाली ठेवली. माझा करगोटा तोडला, सीटमागे बांधला. सात वेढे. मीटर — साठ.

कुशाबाई काठावरून बघत होती.

"जित्याचा चालत न्हाय, बाळा. तिनं खाल्लेल्याचाच लागतो."

मीटर घेऊन मागच्या टोकाला मोजायला —

फिरलं. बॅटरी नाही तरी फिरलं. कमरेपासून खाली खडक आणि लोखंड यांच्यात. पाय कळत नाहीत. हात मोकळे. वही खिशात होती. मीटर समोर, अजून जोडलेला.

साठ.

दाबतंय. हाडं वाजली. तोंडात रक्त —

छप्पन्न.

माऊलीची गाडी वळणावर. ओरडता येत नाही —

एकोणपन्नास. आकडा उतरतोय. आई —

माऊली केबिनकडे — त्याच्यावर बकेट — वर —

चव्वेचाळीस. बकेट थांबली. हवेतच. थरथरतेय —

धरतोय. मी धर —

एक्केचाळीस. सीटमागचा दोरा कुणी सोडू न