येथे गाड्या सोडू नयेत

शनिवार, १६ नोव्हेंबर १९५७

दिवाळीनंतरचा बास्केटबॉलचा पहिला सामना. प्रेक्षक ११. त्यातला एक पोस्टमन. तो पत्र द्यायला आला होता, देऊन गेला. म्हणजे १०.

आमचे कॉलेज जिंकले, ३१–२६. टाळ्या वाजवल्या त्या हरलेल्या संघाने. सभ्य पोरे. कप्तान वैद्य म्हणाला, "सर, पुढच्या वेळी रिकाम्या खुर्च्या मांडू, लांबून गर्दी वाटेल." सगळे हसले, मीही हसलो. घरी येताना मात्र हसू आले नाही. गेल्या जानेवारीत याच मैदानावर मी १४० डोकी मोजली होती. वहीत आहे.

रविवार, १७ नोव्हें.

जुनी वही चाळत बसलो. १४०, १५२, १३८, मग फेब्रुवारीअखेर ९०, मार्चमध्ये ४०. तेव्हा वाटले होते, ज्वारीची काढणी चालू आहे, लोक रानात असतील.

पुण्यात कॉलेजला मैदान नाही. होते तिथे प्रयोगशाळा उठते आहे. व्यायामशिक्षक मी, राहतो चिंचवडला, म्हणून सामने इथे. इथले शेतकरी तात्या, त्यांच्या रस्त्याकडेच्या खळ्यावर दोन खांब रोवले. पन्नास वर्षांच्या मळणीने दगडासारखी झालेली जमीन, चेंडू असा उसळतो की पुण्याची मुले बघतच राहतात. फळ्या पिंपरीच्या कारखान्यात यंत्रे आली त्या खोक्यांच्या. तात्यांनी जागा दिली ती शब्दावर. तेव्हा म्हणाले होते, "बघनारं गाव असंल तवर जागा तुमची." मला तेव्हा वाटले, ही काय अट झाली? गाव कुठे जाणार आहे!

बुधवार, २० नोव्हें.

तात्या स्टेशनाच्या वाटेवर भेटले. नेहमी थांबून "कोन जिकलं?" विचारतात. आज विचारले नाही. बबनला, त्यांच्या मुलाला, खळ्यावर खोल्या बांधायच्या आहेत. कारखान्यात लागलेली बाहेरगावची माणसे जागा शोधत दारोदार फिरतात, ते मीही पाहतो. बबनचे चूक म्हणवत नाही.

"मी शब्द दिला व्हता मास्तर. पर आता बघनारं गाव कुटं हाय?"

संक्रांतीपर्यंत थांबा म्हणालो. बरं म्हणाले. छत्री बगलेत मारून चालू लागले, वळून पाहिले नाही. माझे काही चुकले का? की नुसता म्हातारपणाचा तिरसटपणा.

शनिवार, २३ नोव्हें.

काल गावात दवंडी पिटवली. प्रे. १४. त्यात दवंडीवाला स्वतः आणि त्याचा मेव्हणा.

कारण उघड आहे. कारखान्याचा भोंगा. तीन वाजता दुसरी पाळी आत जाते, सकाळची पाळी सुटते ती थेट झोपायला. गेल्या वर्षी जे तरुण भिंतीवर बसून "घाल टोपलीत!" ओरडायचे ते आता भोंग्याच्या तालावर जगतात. सौ. ला हे सगळे सविस्तर सांगितले. ती म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडे." मग पोळी वाढली.

शनिवार, ३० नोव्हें.

भोंग्याला वळसा घालावा म्हणून सामना साडेचारऐवजी दीडला, दुसरी पाळी आत जाण्याआधी. उन्हात पोरे भाजली. प्रे. ६.

वैद्यचे हातच चालेनात. अकरा वेळा टाकला, दोनदा आत. एवढा उंच मुलगा, कुठे बिघडते कळत नाही. सामना संपल्यावर म्हणाला, सर, कोणी बघत नसले की हात जड होतात. मी रागावलो, खेळाडूने प्रेक्षकांसाठी खेळू नये वगैरे व्याख्यान दिले. स्वतःलाच पटले नाही.

एक मात्र खरे. मैदान स्वच्छ असते आता. गेल्या वर्षी इथे बैलगाड्या सुटायच्या तेव्हासारखे शेण, कडब्याची काडी, काही नाही. फेब्रुवारीत पाहुण्या संघाचा कप्तान शेणावरून घसरून ढोपर फोडून घेऊन गेला, प्रिन्सिपॉलसाहेबांची चिठ्ठी आली, तेव्हा मी पाटी लावली. निळ्यावर पांढरे, माझ्या हातचे अक्षर. "येथे गाड्या सोडू नयेत." तेवढे एक काम तरी धड झाले.

शनिवार, ७ डिसेंबर

पुन्हा साडेचार. प्रे. ९. हरलो.

रविवार, ८ डिसें.

आजचे सगळे नीट लिहायला हवे.

सौ. पावटे सोलत होती. मी समोर बसून तेच गाणे, भोंगा, पाळ्या, गाव बदलले, कुणाला खेळाची आवड उरली नाही. ती सोलता सोलता म्हणाली, "तुमचा तो उंच वैद्य उजव्या हातानं टाकतो तेव्हा जात नाही. डाव्यानं टाकला की जातो. तुम्ही त्याला सांगत का नाही?"

मी विचारले, तुला काय माहीत?

"मी येत होते की. दर शनिवारी."

कुठे? कधी? मी मैदानावर तर कधी पाहिली नाही. तर म्हणे मथुराकाकूंच्या गाडीत. मथुराकाकू म्हणजे तात्यांच्या घरच्या. मळ्यातून परतताना त्यांची गाडी खळ्याशी सुटायची, बैलांना वैरण टाकायची आणि काकू, त्यांची सून, शेजारणी, आणि आमची सौ., गाडीत बसून सामना बघायच्या. अशा दहा-बारा गाड्या असत. मला गाड्या आठवतात. त्यांचा त्रास आठवतो. त्यांत माणसे बसलेली होती हे आठवत नाही.

मग आता का येत नाहीस, म्हणालो.

"बसू कुठे? मातीत, बाप्यांच्या मधे?"

आपल्या गाडीत बाई बसली की ती आपल्या घरातच असते, तिला कोणी काही म्हणत नाही. खाली उतरून पुरुषांत बसली की गावभर होते. हे मला, या गावात आठ वर्षे राहणाऱ्याला, सांगावे लागले. गाड्या गेल्या तशा बायका गेल्या, बायकांबरोबर पोरे गेली. घरची गाडी पुढे गेल्यावर पुरुष तरी कशाला रेंगाळतील? मग उरला पोस्टमन.

पाटी लावली तेव्हाच बोलली का नाहीस, असे विचारले. म्हणाली, "तुम्ही स्वतःच्या हातानं लिहिलीत, इतक्या सुंदर अक्षरात. चार दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होतात. मी काय बोलणार?"

लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

आणखी एक. माझे ते १४० म्हणजे भिंतीवरचे आणि उभे असलेले पुरुष. गाड्यांतल्या बायका मी कधी मोजल्याच नाहीत. म्हणजे किती होते आणि किती गेले, हे मला ठाऊकच नाही.

सोमवार, ९ डिसें.

वैद्यला कॉलेजच्या व्हरांड्यात भिंतीवर खडूने गोल काढून डाव्या हाताने टाकायला लावले. दहातले सात. विचारतो, सर, तुम्हाला कसे कळले? अनुभव, म्हणालो. खोटारडा.

मंगळवार, १० डिसें.

पाटी उपटली. घरी आणून दाराआड ठेवली. मग तात्यांकडे.

अंगणात दोर वळत होते. मी म्हणालो, तात्या, चुकले माझे. त्यांनी दोराला आणखी दोन पीळ दिले. मग म्हणाले,

"मला वाचता येत न्हाई मास्तर. बबननं वाचून दावली. माज्याच रानात माज्याच बैलास्नी बंदी."

खाली मान घालून उभा राहिलो. इतक्या महिन्यांत हा माणूस एका शब्दाने बोलला नाही आणि मी त्याला तिरसट म्हणत होतो. मथुराकाकूंनी आतून चहा पाठवला. तात्यांनी कप माझ्याकडे सरकवला. तेवढेच. जागेचा विषय त्यांनी काढला नाही, मलाही धीर झाला नाही.

शनिवार, १४ डिसें.

पाटी नाही, म्हणून गाड्या येतील अशी वेडी आशा. प्रे. १२. गाड्या शून्य.

सखारामची गाडी लांबून वरच्या पांदीने जाताना दिसली. हाच सखाराम पूर्वी गाडीच्या दांडीवर उभा राहून ओरडायचा. धावत गाठला, पाटी काढली म्हणून सांगितले. तो हसला, "काढली व्हय? बरं केलं. पर बैलास्नी आता वरच्या वाटंची सवय झाली." वाईट बोलला नाही. ओरडला असता तर बरे वाटले असते.

वैद्य डाव्या हाताने चौदा गुण. बघायला कोणी नाही.

शुक्रवार, २७ डिसें.

नाताळची सुट्टी, सामने बंद. सहज खळ्यावर गेलो. एका कोपऱ्यात विटा येऊन पडल्या आहेत. नीट रचलेल्या. बबन मापे घेत होता. मला पाहून टेप गुंडाळला, "संक्रांतीपत्तोर न्हाई मास्तर, आबांनी सांगितलंय" म्हणाला. बापाला आबा म्हणतो. पोरगा वाईट नाही. त्याच्या जागी मी असतो तर पाया एव्हाना खणला असता.

चेंडू नव्हता बरोबर. विटेवर बसून राहिलो थोडा वेळ.

रविवार, ५ जानेवारी १९५८

सौ. ला म्हणालो, आता एकच सामना उरला, ११ ला. संक्रांत १४ ला. पुन्हा दवंडी पिटवतो.

"दवंडीनं बायका येतात होय? बायकांना बोलावणं लागतं."

काय करायचे ठरवले आहे ते सांगेना. कुंकवाचा करंडा मात्र घासून ठेवला आहे.

गुरुवार, ९ जाने.

कळले. ती आणि मथुराकाकू तीन दिवस घरोघर जाऊन कुंकू लावून रीतसर बोलावणे करत आहेत. शनिवारी, साडेचारला, खळ्यावर, गाडीसकट यायचे. टोपलीच्या खेळाला! बास्केटबॉलला कुंकू लावून आमंत्रण दिल्याचे मी तरी कुठे ऐकलेले नाही. प्रिन्सिपॉलसाहेबांना कळले तर काय म्हणतील... म्हणोत.

मथुराकाकू आधी तयार नव्हत्या म्हणे. आमच्या ह्यांचा अपमान केला मास्तरांनी, असे तोंडावर म्हणाल्या. मग सौ. काय बोलली ते ती मला सांगत नाही. विचारले तर म्हणते, बायकांचे असते, तुम्हाला काय करायचे.

शेणाचा प्रश्न आहेच. पाटी लावण्याआधी हे सुचले असते तर! घमेले आणि खराटा घेऊन मी स्वतः कडेला उभा राहणार. व्यायामशिक्षकाला वाकायची सवय असावी.

शनिवार, ११ जाने.

साडेचारला भिंतीवर बारा-पंधरा. गाडी एकही नाही. पाहुण्या संघाचा कप्तान विचारतो, सुरू करायचे ना? मी घड्याळ पाहिल्यासारखे केले. पावणेपाच झाले. शिट्टी दिली.

पहिल्या पाच मिनिटांत आम्ही मागे. मग घुंगरू ऐकू आले. वर पाहिले नाही, भीती वाटली. वैद्य थांबला आणि तिकडे बघू लागला, तेव्हा मीही पाहिले. मथुराकाकूंची गाडी, तात्या हाकत होते. त्यांनी मला ओलांडून बैल अगदी पाटी होती तिथेच आणले आणि सोडले. मुद्दाम तिथेच. मागून आणखी दोन गाड्या. मग सखाराम, खालच्या वाटेने. बैलांना विचारले का, म्हणालो. "म्हातारीनं वळवली," म्हणाला. मागे त्याची आई बसली होती, दोन्ही हातांनी गाडीची कड धरून, खांबावरच्या टोपलीकडे बघत.

वैद्यने पहिला डाव्या हाताने टाकला आणि आत गेला. गाडीतून बायकांचा जो आवाज उठला! त्या पोराला मी गेल्या दोन वर्षांत असा खेळताना पाहिलेले नाही. जिंकलो, ४०–३३. मी दोनदा घमेले घेऊन धावलो. पोरे हसली. हसू देत.

बबन विटांपाशी हाताची घडी घालून उभा होता. उत्तरार्धात पाहिले तर पोरांना नीट दिसावे म्हणून त्यांना विटांच्या थरावर चढवत होता. रचलेला थर पार विस्कटला.

तात्यांना विचारायला गेलो, काय ठरवलेत? ते बैलांना पाणी दाखवत होते. "बगू," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "त्यो डावरा पोरगा कुनाचा?" वैद्यचे नाव सांगितले. मान हलवली.

वहीत लिहायचे म्हणून मोजायला लागलो. या वेळी गाड्यांपासून. पाच गाड्या. पहिल्या गाडीपाशी गेलो, काकू, सून, शेजारची यमुना, आणि कडेला सौ., मांडीवर कुणाचे तरी मूल. एक, दोन, करत बोट वर केले तेवढ्यात ती म्हणाली,

"मोजताय काय? उद्या विचारा, सगळ्यांची नावं सांगीन."

बोट खाली घेतले. आकडा लिहीत नाही.

विटा तिथेच आहेत, विस्कटलेल्या. मंगळवारी संक्रांत.