खिंडीतला उपडा ढोल

गोकबेल, रज्जब ३

तीर्थरूप हिदिरमामांस, तुमचा उजवा हात ओठांना आणि कपाळाला लावून वेयसेलचा सलाम. वि. वि.,

आधी ‘इकडे सर्व खुशाल’ असं लिहिलं होतं. ते खरं नाही म्हणून खोडलं. खोडाखोडीची माफी असावी.

काल सुलतानांचे गणतीदार जमिनी आणि मेंढ्या मोजायला आले. बाबांनी गावाची सनद पुढे केली. तिच्यात काय आहे ते तुम्हाला पाठ आहे: गोकबेलने खिंड राखावी, वाट निर्धोक असली की ढोल वाजवावा, ढोल वाजल्यावर कुणी लुटला गेला तर गावाने भरून द्यावं, बदल्यात सारा माफ. गणतीदारांनी कागद दोन बोटांत धरून विचारलं की शिक्का कुणाचा. मी म्हणालो, थोरल्या सुलतानांचा. त्यावर ते म्हणाले की थोरले जाऊन तीन वर्षं झाली, शुक्रवारच्या खुतब्यात, मशिदीतल्या प्रवचनात, तुम्ही धाकट्यांच्या नावाला आमीन म्हणता, मग मेलेल्याच्या कागदावर आणखी किती दिवस जेवणार?

मामा, चूक माझी आहे. गावात वाचता येणारा मी एकटा. दर वसंतात सनद सगळ्यांपुढे मीच वाचतो, शिक्क्यासकट. खुतब्यात नवं नाव आलं, आम्ही आमीन म्हणालो, आणि आम्हाला वाटलं की नातं जुळलं. राज्य बदललं की सनद नव्या शिक्क्यासाठी राजधानीला पाठवायची असते, हे मशिदीतल्या शाळेत चार वर्षांत कुणी सांगितलं नाही. आता एकतीस घरांवर सारा बसला आहे. मध आणि पाणचक्कीही सुटली नाही. तुम्ही काझींच्या कचेरीत कागदांच्या नकला करता, तुम्हाला वाट ठाऊक असेल.

आईने अक्रोड पाठवले आहेत. रागावलात तरी पत्र पाठवा.

आपला भाचा,
वेयसेल


कसबा, रज्जब ९

चि. वेयसेल यास अनेक आ.,

अक्रोड पोचले. निम्मे खेचरवाल्याने खाल्ले आणि वर मलाच सांगितलं की यंदा पीक बरं आहे. तुझं अक्षर माझ्याहून चांगलं आहे. डोकं मात्र बापावर जाऊ देऊ नकोस.

अशी चूक करणारं तुमचं गाव पहिलं नाही. अर्ज कर. कागद राजधानीला जाऊन यायला वर्ष लागेल. तोवर मुकाट सारा भरा. तुझ्या बाबांना सांग की मेहुणा हात जोडून सांगतोय, ही छाती काढायची वेळ नव्हे. पंधरा दिवसांत प्रांताचा खजिना तुमच्याच खिंडीतून जाणार आहे, चाळीस खेचरं. ढोल नीट वाजवा, खजिन्यासोबतचा सरदार खूश होईल, मग मी अर्ज पुढे सरकवीन.

ताईला विचारलं म्हणून सांग, आणि गरम कपडे घाल.

मामा


गोकबेल, रज्जब १६

तीर्थरूप मामांस, तुमच्या हाताला कपाळ लावून वि. वि.,

तुमचं पत्र मशिदीच्या अंगणात वाचून दाखवलं. मुकाट सारा भरा, इथपर्यंत सगळे खाली बघत होते. खजिन्याचं वाचलं तसे बाबा हसले. त्यांनी विचारलं की ढोल आणि माफी एका कागदावर आहेत की दोन. मी म्हणालो, एकाच, आणि कागद उघडून पुन्हा खात्री केली. तेव्हा ते म्हणाले की कागद मेला असेल तर ढोलही मेला. त्यांनी तो उपडा केला. आता सेनेम आजी त्यावर जर्दाळू वाळत घालते.

सोबत अर्ज आहे. त्यात लिहिलं आहे की हुकूम मानून आम्ही साधी रयत झालो, साध्या रयतेला खिंडीत ढोल वाजवायचा अधिकार नाही, म्हणून तो खाली ठेवला, आणि वाटेत काही झाल्यास आमच्याकडे भरपाई मागू नये. बंडाचा एकही शब्द नाही, दोनदा तपासलं. तरी मला धरायला आले तर आईला तुम्ही सांभाळा.

वेयसेल


कसबा, रज्जब २१

चि. वेयसेल यास आ.,

अर्ज चुलीत घालणार होतो. तेवढ्यात काझींनी तो खांद्यावरून वाचला आणि विचारलं की यात खोटं काय आहे. मला सापडलं नाही. तो पुढे गेला आहे.

खजिना आज निघाला. अल्ला तुम्हाला अक्कल देवो. माझं जेवण गेलं आहे.

मामा


गोकबेल, शाबान १६

तीर्थरूप मामांस, हात कपाळाला लावून वि. वि.,

आता जेवा. सगळं क्रमाने लिहितो.

ढोल ऐकू येईना म्हणून खजिना पायथ्याच्या सराईत मुक्कामाला थांबला. सरदार शिपायांसह वर आला आणि म्हणाला की ढोल वाजवा, नाहीतर म्हाताऱ्याला साखळीत नेतो. बाबांनी दोन्ही हात पुढे केले, ते त्याने बांधले. मी पुढे होऊन विचारलं की ढोल वाजला म्हणजे चाळीस खेचरांची हमी आली, ती साहेब स्वतःच्या नावावर लिहून देतील का? कागद मी आणलाच होता. त्याने लेखणीला हात लावला नाही. जर्दाळू लाथेने उडवून त्याने आपल्या शिपायाला ढोल वाजवायला लावला.

खाली खेचरवाल्यांनी तो ऐकला आणि जनावरांची ओझी उतरवून चूल पेटवली. त्यांच्या नाईकाने वर निरोप धाडला की गोकबेलचा ढोल आम्ही ओळखतो, हा कुणीतरी गालिचा झोडपतोय. सरदाराने बाबांचे हात सोडले आणि त्याच दिवशी राजधानीला घोडेस्वार पिटाळला.

वर्षभराचा कागद बावीस दिवसांत आला. बाबांनी मला आधी शिक्का वाचायला लावला, मग सनद तीनदा. नंतर त्यांनी ढोल सुलटा केला. खेचरं चढली, एक पट्टासुद्धा हरवला नाही. सेनेम आजी तेवढी रुसली आहे, तिचे नव्याने घातलेले निम्मे जर्दाळू अजून ओले आहेत.

बाबांचा हुकूम आहे की यापुढे खुतब्यात नवं नाव ऐकलं की मी आमीन नंतर म्हणावं, आधी घोड्यावर खोगीर घालावं.

माया पातळ होऊ देऊ नका.

वेयसेल