दरडोई खर्च: स्वीडन आणि पवनी

१२ नोव्हेंबर १९७८, पवनी
वाचनालयाचे चिटणीस मारोतराव दुकानात आले. रविवारी, २६ला, व्याख्यान द्याल का म्हणाले. ठरलेले वक्ते येत नाहीत म्हणे. (हे सांगायची गरज नव्हती.) विषय मी जागेवरच दिला: कोणत्या देशाचं सरकार माणशी तब्येतीवर किती खर्च करतं. कापड विकणारा माणूस जगाचा विचार करतो, हे पवनीला कळू दे. उद्यापासून पहाटे अभ्यास.

१५ नोव्हेंबर
पहाट जमली नाही. दुपारी जुन्या इंग्रजी मासिकात तक्ता सापडला. इंग्लंडचे पौंड, अमेरिकेचे डॉलर, स्वीडनचे क्रोनर. क्रोनर म्हणजे बहुधा करोड. एका माणसामागे इतके करोड! डोळे भरून आले. आणि आपलं? "आपलं सरकार शरम सोडलेलं आहे." वाक्य चांगलं जमलं. पुढे टाळ्यांसाठी थांबायचं.

१७ नोव्हेंबर
बायको, चंद्रकांता, सारखी मध्ये बोलते. पोटात उजवीकडे दुखून राह्यलं म्हणे. ओवा खा म्हटलं. मागच्या गल्लीतली रुखमा, मासे विकणारी, तिच्याजवळ येऊन बसली होती. घरात बायकांचा आवाज. व्याख्यात्याला कसं जपावं, कोणालाच कळत नाही.

२० नोव्हेंबर, सकाळी
आकडे पक्के करायला नागपूरला निघालो. निघताना ही दाराशी पोट धरून उभी. "मले आंधी भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेता का? मंग जा नागपूरले." समजावलं, की सरकारी दवाखान्यांची काय दशा आहे तेच तर मी रविवारी सांगणार आहे. तोवर कळ काढ. दारातून बाजूला झाली. पटलं असावं.

२३ नोव्हेंबर
परत. नागपूरची लायब्ररी रंगकामासाठी बंद होती. दोन सिनेमे पाहिले. मोठ्या कामाआधी डोकं ताजं लागतं.
घराला कुलूप. रुसून माहेरी गेली, बपेऱ्याला. समोरच्या कौशल्याबाई लगबगीने काही सांगायला आल्या. "माहीत आहे सगळं," म्हणून आत आलो. घरची भांडणं गल्लीत कशाला? मी न्यायला जाणार नाही. शिवाय शांतता बरी आहे.

२६ नोव्हेंबर, संध्याकाळ
लिहू की नको.
हॉल भरला होता, निदान पुढच्या रांगा. इंग्लंड झालं, अमेरिका झाली. स्वीडनचे करोड सांगितले. शाळेचे कृष्णराव मास्तर उठून म्हणाले, एवढे करोड तर पूर्ण देशाकडे नसतील. प्रगत देश असेच असतात, म्हणालो. मग ते वाक्य घेतलं. टाळ्यांसाठी थांबलो.
त्या शांततेत मागून रुखमा बोलली. "शेठ, घराले कुलूप दिसलं, म्हनून इथं आली. बाई भंडाऱ्याले सरकारी दवाखान्यात हाये. पोटाचं आपरेशन झालं. आनखी उशीर झाला असता त वाचली नसती म्हने डाक्टर. मी लुगडी न्याले आली. किल्ली द्या."
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळ्यांसमोर खिशातून किल्ली काढून दिली. आभारप्रदर्शन झालं नाही.

२७ नोव्हेंबर, भंडारा
पहिल्या एसटीने रुखमेबरोबर आलो. ती लुगडी घेऊन आत गेली, मला सिस्टरने दारात अडवलं. पेशंटजवळ एकच माणूस, आणि तिची बहीण आत आहे. बहीण नाही ती, म्हणालो. "मग तुम्ही कोण?"
नवरा म्हणायला तोंड उघडलं. शेजारी म्हणालो.
"मग तिच्या नवऱ्याला निरोप द्या. आल्यापासून त्याचा पत्ता नाही."
देतो म्हणालो.
बाहेर बाकावर बसून राहिलो. खाट, सलाईन, आपरेशन, डॉक्टर, सगळं त्या शरम सोडलेल्या सरकारचं. मग आमच्या घरातला दरडोई खर्च काढायला घेतला. अर्ध्यात सोडला.

२८ नोव्हेंबर, भंडारा
भेटीच्या वेळेला आत सोडलं. चंद्रकांता फार वाळली आहे. तोंडाला रंग नाही. चुकलं म्हणायचं ठरवून गेलो होतो, तिनेच आधी विचारलं.
"भासन झालं?"
झालं म्हटलं.
"लोकं होते?"
होते.
"मंग चांगलं झालं."
राग नव्हता. राग असता तर काही तरी बोलता आलं असतं.
एवढ्यात कालची सिस्टर आली. "काय हो शेजारी, हिच्या नवऱ्याला निरोप दिला का?"
रुखमा खिडकीबाहेर पाहू लागली. चंद्रकांताने माझ्याकडे पाहिलं. मग सिस्टरला म्हणाली, "नसन येनं झालं. त्यायले लय काम असते, बाई."
मी तांब्या उचलला आणि पाणी आणायला गेलो.