उकंडाची पंचविशी

॥ श्री ॥

वलगाव, ता. २७ डिसेंबर १९३६

चि. सौ. सत्यवतीस मनकर्णेचे अनेक आशीर्वाद वि. वि. इकडे सर्व खुशाल. तुझं कार्ड पोचलं. शाळेतल्या पोरींच्या गमती वाचून हसली, पण बाई, हल्ली माझं हसणं वरच्यावरच राहून राहिलं.

पौष शुद्ध अष्टमीले आपल्या उकंडाले पंचवीस पुरे होतात. हे मी कागदावर पहिल्यांदा लिहून राहिली. दार लावून लिहिते. तू वाचलं की पत्र चुलीत घाल.

तवा तू परकरातली, नऊ वर्षाची होती. माझी तीन लेकरं वर्षाच्या आत गेली. हा चौथा झाला तसा सासूबाईनं त्याले खताच्या उकंड्यावर नेऊन ठेवला. माणिकबाई सुईणीनं उचलला अन् सूपभर ज्वारी घेऊन मले सांभाळाले दिला. पोर तिचं, मी नुसती सांभाळणारी. म्हणून तो तिले माय म्हणते अन् मले काकू. सासूबाईनं देवीपुढं कबूल केलं होतं, पंचवीस वर्षं त्याले ओवाळायचं नाही अन् त्याचा दिवस त्याले सांगायचा नाही. पंचवीस भरतील त्या दिवशी तो आपल्या पायानं दारात आला पाहिजे, कोणी बोलावता कामा नये. मंग माणिकबाई त्याले माझ्या पदरात परत घालीन. गुळानं तुला करायची, गावाले जेवण द्यायचं, अन् तवापासून तो माझा.

चोवीस दिवस राहिले. रोज वाटते, काठाशी येऊन नाव बुडीन. त्यात पोट्टा तिकडं तुझ्यापाशी, कापसाच्या जिनात. घरची ओलिताची जमीन सोडून सहा वर्षं झाली, काहून गेला मले अजून उमजलं नाही. विचारलं तर वांग्याची भाजी खाऊन कंटाळलो म्हणते. त्याले न बोलावता इथं कसा आणायचा, ते तू शिकलेली, तूच सांग. लेकरांले पापे. लोभ पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
मनकर्णा

---

अकोला, ता. ३१ डिसेंबर १९३६

तीर्थरूप सौ. अक्काच्या सेवेशी सत्यवतीचा शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र चुलीत घातलं आणि त्या नादात भाकर करपली. आमच्या ह्यांनी काही न बोलता खाल्ली, म्हणजे बघ.

अक्का, मी वर्गात पोरींना नजर, दृष्ट सगळं खोटं म्हणून शिकवते. पण तुझं पत्र आल्यापासून मलाच स्वस्थ बसवत नाही. आमच्या मागच्या खोलीत तो राहतो, सकाळी त्याच्या बादलीचा आवाज आला की जिवात जीव येतो. काल काही कारण काढून जिनापर्यंत जाऊन आले. मागच्या आठवड्यात तिथं एका गड्याचा हात यंत्राच्या पट्ट्यात गेला. उकंडा फाटकाशी काट्यावर बसतो, कापसाच्या गाड्या तोलतो, यंत्रापाशी त्याचं काम नाही. तरी मी त्याला दोनदा बजावलं. तो म्हणाला, मावशी, तू काकूसारखी बोलायला लागलीस.

माझा बेत असा. वीस तारखेला, बुधवारी, अष्टमी. मी वलगावला यायला निघते आणि सामान फार आहे म्हणून अमरावती स्टेशनापर्यंत सोबत मागते. तिथून घर तीन कोस. तिथवर येऊन तो परत फिरेल असा आहे का? पुढं त्याचे पाय त्याला नेतील. हे बोलावणं होत नाही ना, ते माणिकबाईला विचारून घे. भाऊजींना नमस्कार. आठवण ठेवावी.

तुझी,
सत्यवती

---

वलगाव, ता. ५ जानेवारी १९३७

चि. सौ. सत्यवतीस अनेक आशीर्वाद वि. वि. माणिकबाईले विचारलं. स्टेशनापर्यंतची सोबत चालते म्हणाली, पण घरी चल हा शब्द तुझ्या तोंडून निघता कामा नये. तुझं तोंड मले माहीत आहे, म्हणून दोनदा लिहून राहिली.

गूळ आणला. नव्या मांडवाचे बांबू आणले. शेवंती अन् झेंडू आपल्याच मळ्यातला आहे, तो त्या दिवशी सकाळीच तोडू. गावात ज्याले त्याले मी हात जोडून सांगितलं का बाबाहो, वाजंत्री नको, हसणं नको, मोठ्यानं बोलणं नको. तो दारात पाय टाकेपर्यंत अंगणात चिडीचूप बसा. रस्त्यावरून आवाज ऐकून त्याले आधीच समजलं तर सारं वाया जाईन. तुमचे भाऊजी म्हणतात, तू वाढदिवस करून राहिली का चोरी?

खरं सांगू, मी चोरीच करून राहिली. पंचवीस वर्षं देवाच्या नजरेआड एक लेकरू लपवून ठेवलं. आता अखेरच्या पंधरा दिवसांत कोणी बोट दाखवलं तर? काल मोटेचा नाडा तुटला, तर मी सारं काम टाकून देवीपुढं जाऊन बसली. त्याच्या अंगावर ऊन कपडे आहेत का पाहत जा. कळावे, अंतर देऊ नको.

मनकर्णा

---

अकोला, ता. १२ जानेवारी १९३७

तीर्थरूप सौ. अक्कास सा. न. वि. वि. लपवून काय करू, बेत फसला. मी सोबतीचं काढलं तर तो आधी हसला. म्हणाला, मावशी, नवमी उजाडू दे, मग काशीला म्हणशील तर काशीला पोचवतो, पण पौषाचे हे पहिले आठ दिवस मी गाडीत बसत नाही. उद्यापासून जिनातही रजा घेतली आहे. मी आठवून पाहिलं, गेल्या साली आणि त्याच्या आदल्या साली ह्याच दिवसांत तो पोट दुखतं म्हणून खोलीत पडून होता. मला तेव्हा कसं सुचलं नाही? अक्का, त्याला कोणी काही सांगितलं तर नाही ना?

त्याच्या डोळ्याला डोळा भिडवत नाही, कारण माझ्या तोंडावर सगळं उमटतं. त्यात धाकटी कौशल्या कालपासून तापली आहे. गोवर नसला म्हणजे झालं. गोवर निघाला तर मला तुमच्या मंगल कार्यात पाऊलही टाकता यायचं नाही. तरी मी अजून आशा सोडली नाही. तूही धीर सोडू नकोस. ममतेत उणं नसावं.

सत्यवती

---

(कार्ड)

वलगाव, ता. १८ जानेवारी १९३७

सौ. सत्यवतीबाईस खुशालरावाचा आशीर्वाद वि. वि. तुमच्या बहिणीचा हात आता चालत नाही म्हणून मी लिहितो. इकडले सर्व आटोपत आले. बांबू, फुले गावातच आहेत. मंडळी बुधवारी सकाळी जमतील. तुमी कोणाची वाट न पाहता निघून यावे. उकंडास काही कळवू नये. जास्त काय लिहिणे.

खुशालराव

---

अकोला, मंगळवार, ता. १९ जानेवारी १९३७, दिवेलागण

तीर्थरूप भाऊजी आणि अक्का यांस सा. न. वि. वि. हे पत्र तुमच्यापैकी कोण वाचणार आहे ते मला ठाऊक नाही, म्हणून दोघांना लिहिते.

कौशल्येला गोवर निघाला. दुपारी मी तिच्या उशाशी बसले होते. बाहेर पोस्टमनचा आवाज आला, उकंडानं कार्ड घेतलं, मला वाटलं आत आणून देईल. बराच वेळ गेला. हाक मारली, उत्तर नाही. बाहेर जाऊन पाहते तो खोली सताड उघडी, वहाणा दारात, आणि पायरीच्या बाहेर दगडाखाली तुमचं कार्ड. त्याचा वरचा कोपरा फाडलेला.

भाऊजी, कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मयताची बातमी. ते कोणी घरात घेत नाही, बाहेरच वाचून टाकतात. हे तुम्हाला मी सांगायचं का? मला आतला बेत माहीत आहे, तरी हात चालत नाही, मंडळी जमतील, उकंडाला कळवू नये, हे वाचून मी पायरीवरच बसले. अक्का आहे ना? माझ्या मनाला मी दहादा सांगितलं की हा मजकूर तुलेचा आहे, पण तो कोपरा मला ऐकू देत नाही.

हे स्टेशनावर धावले, तर गाडी निघून गेली होती. तार केली आहे, पण ती अमरावतीहून तुमच्यापर्यंत कधी पोचेल कोण जाणे. तो अनवाणी गेला आहे. ज्या आठ दिवसांत गाडीत बसत नाही म्हणत होता, त्यातच बसून गेला. वाटेत त्याचं काही बरंवाईट झालं तर मी काय करू? उलट टपाली दोन ओळी टाका. अक्काच्या हातच्या टाका.

सत्यवती

---

वलगाव, गुरुवार, ता. २१ जानेवारी १९३७

चि. सौ. सत्यवतीस मनकर्णेचे अनेक आशीर्वाद वि. वि. मी जिती आहे. हात पाकानं भाजला होता, म्हणून कार्ड त्यांनी लिहिलं. अक्षर वाकडं आहे पण माझंच आहे. उकंडाही सुखरूप आहे. आता बाकीचं ऐक.

काल सकाळी मंडळी अंगणात जमली. मी सांगितलं होतं तसे सारे खाली मान घालून गपचूप बसले. मांडव अजून उभा व्हायचा होता, बांबू जमिनीवर आडवे पडले होते, बाजूले फुलांचा ढीग. मी आत दाराच्या फटीशी ताट घेऊन उभी. तेवढ्यात रस्त्याच्या वळणावर तो दिसला. अनवाणी, डोक्यावर टोपी नाही. माझं काळीज असं भरून आलं का बोलावल्याविना आला, देवीनं ऐकलं.

पण तो आत येईना. कुंपणापाशी थांबला, ते बांबू पाहिले, ती फुलं पाहिली, ती मुकी माणसं पाहिली, अन् तिथंच मातीत बसला. डोक्यावर हात मारून घेऊन राहिला. काहून, ते कोणाले समजेना. कोणी उठून हाक मारावी तर नवस मोडते. सारे माझ्याकडं पाहून राहिले अन् मी फटीतून त्याच्याकडं. तवा तुमच्या भाऊजीले आठवलं. कार्ड लिहिताना चुन्याची डबी हातात होती, बोटाले चुना लागला, तो पुसाले त्यांनी कार्डाचाच कोपरा फाडला. येऊन माझ्या कानात सांगितलं.

सत्या, दारापासून कुंपण वीस पावलं. हाक मारली तर पंचवीस वर्षं उंबऱ्याशी आणून फेकून दिली असं होते. नाही मारली तर माझं लेकरू माझ्या अंगणात माझ्यासाठी रडून राहिलं, अन् मी जिती उभी राहून पाहते. माणिकबाईनं माझा हात धरला. थांब म्हणाली, उठीन तो, येईन. मी थांबली. शंभर मोजेपर्यंत थांबली असेन. मंग तो आडवा झाला अन् माती मुठीत धरून ओरडला, तसं माझ्याच्यानं झालं नाही. हात सोडवून धावली. माझ्या लेका, ये, घरात ये, असं साऱ्या गावासमोर बोलली.

तो मले पाहून दोन पावलं मागं सरकला, भूत पाहिल्यावानी. मंग पायावर पडला.

पुढं सारं झालं. माणिकबाईनं पदरात घातला, तुला झाली, एक मण सव्वीस शेर भरला. तार आली तवा तो जेवून राहिला होता. पण नवस मी मोडला, सत्या. तो झोपला तर मी त्याच्या नाकाशी हात धरून बसते. माणिकबाई नुसती देवीपुढं दिवा लावते. आता काय होईन, तू सांग. तू तर हे सारं खोटं म्हणून शिकवते. मले एकदा तसं लिहून धाड. माया कमी करू नको.

मनकर्णा

---

वलगाव, ता. २४ जानेवारी १९३७

तीर्थरूप मावशीस उकंडाचा शि. सा. न. वि. वि. न सांगता निघून गेलो, तुला घोर लावला, माफ कर. कौशल्येचा गोवर उतरला का ते कळव. मी धड आहे. गाडी बदलायले रात्र स्टेशनावर काढली, पहाटे तीन कोस चालत आलो, त्यात पायाला दोन काटे मोडले होते ते काकांनी काढले. कोपऱ्याचं पाप फेडून राहिले, त्यामुळे सध्या मले पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाहीत.

तुझं पत्र काकूनं माझ्याकडून वाचून घेतलं. नवस-बिवस सारं खोटं असं तू लिहिलं, ते मी मोठ्यानं दोनदा वाचलं, तरी तिचा विश्वास बसत नाही. तिले माय म्हणाले अजून माझी जीभ वळत नाही, काकूच तोंडात येते. म्हणते का राहू दे, सवयीनं होईन. पण मी जेवायले बसलो का ती माझ्या तोंडाकडं पाहत राहते, घास गिळला का नाही ते.

एक गोष्ट तुलाच लिहितो. अष्टमीचं मले दहाव्या वर्षापासून माहीत होतं. माणिकबाईच्या तोंडून एकदा निघून गेलं, तिनं लगेच शपथ घातली. तिले बोलू नको. तवापासून मीही भिऊन राहिलो. दरसाली त्या दिवशी काकू उपाशी राहे अन् मी जिथं जाईन तिथं दाराशी उभी राहे, विहिरीवर गेलो तर विहिरीपर्यंत येई. मले सारं समजत होतं अन् न समजल्यासारखं करावं लागे. माझा जीव जाईल ह्याचं भेव होतंच, खोटं कशाले बोलू. पण त्याहून मोठं भेव असं होतं का तो तिच्या डोळ्यांसमोर जाईल. तीन तिनं मांडीवर जाताना पाहिले होते. चौथा पाहू नये, दुरून बातमीच यावी, म्हणून एकोणिसाव्या वर्षी वांग्याचं निमित्त करून मी तुझ्याकडं आलो. कार्ड हातात घेतलं तवा पहिलं मनात आलं ते हेच, का मी सहा वर्षं उलट्या बाजूनं पहारा दिला.

हे तिले सांगू नको. पंचवीस भरले. जिनवाल्यांना माझा राजीनामा भेटला असेल. खोलीतली ट्रंक, वळकटी आणि वहाणा पाठवून दे. संत्र्याचा बहार धरायचा आहे, हातचं काम सोडून मले यायला होणार नाही. लोभ आहे तो वाढवावा.

तुझा,
उकंडा खुशालराव